अफगाण कुटुंबाला चार महिने घरात ठेवून घ्यायचं का? मुंबईतल्या टू बीएचकेत?

खिडकीतली_तुळस
लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मुलुंडला टू बीएचके आहे आमचा, लेक गेल्या वर्षी बंगलोरला गेली तेव्हापासून तिची खोली रिकामी. रिकामी कसली, इस्त्रीचे कपडे, आकाशकंदील आणि ह्यांची न चालणारी सायकल ठेवायची जागा झालीय. ह्यांचे एक जुने मित्र दिल्लीत निर्वासितांसाठी काम करतात, त्यांचा फोन आला. एक अफगाण बाई आणि तिची दोन मुलं, मुलगी १३ ची, मुलगा ७ चा, मुंबईत येतायत, मुलाच्या पायाचं ऑपरेशन आहे आणि मग फिजिओ, तीन-चार महिने जाणार, लॉज परवडत नाही, तुमच्याकडे होईल का. २०२१ ला तालिबान काबूलमध्ये आले तेव्हापासून ही माणसं दिल्लीत आहेत. हे लगेच हो म्हणाले (हो म्हणणारे हे, पोळ्या लाटणार कोण?). मी दोन दिवस मागून घेतलेत.

नाही म्हणायचं नाहीये मला, पण पोटात गोळा आलाय हे खरं. माझ्या मामेबहिणीने इंग्लंडात २०२२ मध्ये युक्रेनच्या आई-मुलीला घरी ठेवलं होतं. तिथे सरकारची स्कीमच होती, किमान सहा महिने ठेवायचं, भाडं घ्यायचं नाही, यजमानाला महिन्याला ३५० पौंड मिळायचे, कौन्सिलचा माणूस येऊन घर बघून गेला, घरातल्या मोठ्या माणसांची पोलीस रेकॉर्ड तपासली. इथे यातलं काहीच नाही, आपण आणि आपलं नशीब. तिला विचारलं कसं गेलं गं, तर म्हणाली पहिल्या महिन्यात शेजारी केक घेऊन येतात, चौथ्या महिन्यात बाथरूममध्ये कोण किती वेळ यावरून दोघी तोंड फिरवून बसतो.

तुम्ही काय केलं असतं?

बीविंग_सेक्रेटरी
ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नको. सोसायटीचं बाजूला ठेवा, कायद्याचं बघा. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा पण नाही. कायद्याच्या नजरेत तो फक्त परदेशी माणूस. १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट गेला आणि सप्टेंबर २०२५ पासून नवीन कायदा आला तरी हे काही बदललेलं नाही. परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन एफआरआरओला, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसला, कळवायचं, फॉर्म सी म्हणतात लोक त्याला, हॉटेललाच नाही तर घरमालकाला पण. त्यांच्याकडे यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड असेल पण ते कार्ड म्हणजे व्हिसा नाही. व्हिसा मध्येच संपला तर पोलीस स्टेशनला हेलपाटे कोण घालणार, तुमचे हे की दिल्लीचा मित्र? शिवाय कमिटीची एनओसी आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस.

सहार_रोड
सेक्रेटरी साहेब फॉर्म सी चं बरोबर, पण नॉन-ऑक्युपन्सी कशाला घुसवताय मध्ये. तो मालक स्वतः राहत नसेल आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल तेव्हाचा विषय, आणि तेव्हा पण सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. ताई स्वतः राहतायत, भाडं घेत नाहीयेत. एक पत्र टाकायचं कमिटीला माहितीसाठी, झालं.

ताई, त्या बाईंना आत्ताच सांगा, पासपोर्ट, व्हिसा आणि कार्ड तिन्हीचे फोटो पाठवा. व्हिसाची तारीख ऑपरेशननंतरच्या चार महिन्यांना पुरतेय का एवढं बघा. पुरत नसेल तर एक्स्टेन्शनचं काम दिल्लीतून निघायच्या आधी, नंतर नाही.

गिरणगाव_कायम
मला एक कळत नाही. परळला हॉस्पिटलांबाहेर जाऊन बघा रात्री अकराला, फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक चादर टाकून झोपलेले असतात, बिहारचे, बंगालचे, आपले बीड-जालन्याचे पण. नाकाला नळी लावलेली पोरं आईच्या मांडीवर. त्यांच्यासाठी कुणाची खोली उघडली का? तेव्हा धागा नाही निघाला. काबूलचं म्हटलं की लगेच मन मोठं. माझा आक्षेप अफगाण लोकांवर नाही, लांबचं दुःख आपल्याला जास्त गोड लागतं त्याच्यावर आहे.

पावसाळी_पेंग्विन
दादा तुम्ही उघडली का खोली, बीडवाल्यांना?

गिरणगाव_कायम
१८० स्क्वेअर फुटात पाच जण राहतो आम्ही, खोली असती तर उघडली असती. आणि २६ जुलै २००५ ला आमच्या चाळीत नऊ अनोळखी लोक होते, दोघं तर आमच्या माळ्यावर झोपले. म्हणून मला मुंबईचं स्पिरिट शिकवू नका.

पावसाळी_पेंग्विन
सॉरी. पण मग तेच म्हणतेय ना मी, तुम्हाला जमलं तर त्यांना का नाही?

गिरणगाव_कायम
कारण ती एक रात्र होती. ९४४ मिलिमीटर पडला, गाड्या बंद, सकाळी पाणी ओसरलं की माणूस चपला शोधून घरी जाणार हे दोघांना पण माहीत. चहा-पाव द्यायला काय लागतं. इथे पाणी कधी ओसरणार ते कुणालाच माहीत नाही. ऑपरेशन चुकलं, पुन्हा करायचं म्हणाले तर? ताई चार महिन्यांनी 'आता निघा' म्हणू शकतील का सातवर्षाच्या पोराला, प्लास्टर असताना?

ऐझॉल_रिटर्न
बँकेच्या नोकरीत दोन वर्षं मिझोराममध्ये होतो म्हणून सांगतो. २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि चिन लोक नदी ओलांडून आले, हजारोंनी. केंद्राने मार्चमध्येच कळवलं की घुसखोरी रोखा, तरी राज्य सरकार आणि लोकांनी ऐकलं नाही. चर्च, यंग मिझो असोसिएशन, सगळे तांदूळ गोळा करत होते आणि सुरुवातीला कितीतरी माणसं सरळ लोकांच्या घरात. माझ्या घरमालकाकडे सहा जण होते, तो काही श्रीमंत नव्हता. म्हणजे भारतात होत नाही असं नाही.

बीविंग_सेक्रेटरी
पण ते नात्यातले ना त्यांच्या? चिन आणि मिझो एकच भाऊबंद, भाषा जवळची, चर्च एक. आणि पुढे कॅम्पच उभारावे लागले की.

ऐझॉल_रिटर्न
हो, मान्य. नातं नसताना करणं जास्त अवघड. घरमालकाची बायको पण पुटपुटायची बरं का, पाणी विकत घ्यावं लागायचं तिथे, उन्हाळ्यात टँकर.

कॅम्प_नंबर_तीन
मी सिंधी, उल्हासनगरची, मराठी शाळेत शिकले. वर्गात मला 'निर्वासित' म्हणूनच चिडवायचे, १९८० च्या दशकात पण, म्हणजे जन्म इथला आणि नाव फाळणीचं. म्हणून या विषयावर बोलायचा थोडा हक्क घेते.

आमची दादी कराचीहून बोटीने मुंबई बंदरात उतरली. कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात (त्याचंच १९४९ ला उल्हासनगर झालं) जायच्या आधी ती सात महिने खारला लांबच्या नातेवाईकांकडे होती. चांगली माणसं होती, दोन वेळ जेवण, कपडे, सगळं दिलं. आणि तरी आयुष्यभर दादी बराकीचं कौतुक करायची, खारचं नाही. आम्हाला कळायचं नाही, बराकीत तर पोत्याचा पडदा लावून चार-चार कुटुंबं, नळावर मारामारी, संडासाला लाइन. एकदा विचारलं तर म्हणाली, पडद्याच्या आत माझं राज्य होतं, रडले तरी कुणी 'काय झालं' विचारायचं नाही. खारला रडायला पण संडासात जायला लागायचं आणि बाहेर येताना हसून. सात महिने ती त्या घरातल्या बाईच्या आधी उठली आणि नंतर झोपली, कुणी सांगितलं नव्हतं, पण खाल्लेल्या पोळीची किंमत भांडी घासूनच द्यायची हे तिला आपोआप कळलेलं.

तर ताई, मी नको म्हणत नाहीये. तुम्ही विचारताय आम्हाला त्रास होईल का. होईल. पण त्या बाईला जास्त होईल आणि ती बोलणार नाही. तिची १३ वर्षांची पोरगी तुमच्या ओट्याशी उभी राहायला लागेल, तुम्ही म्हणाल किती गुणाची. तिथे थांबवा तिला.

गिरणगाव_कायम
म्हणजे तुम्ही पण माझ्याच बाजूने, घरात नकोच.

कॅम्प_नंबर_तीन
नाही हो. दार द्या म्हणतेय, खोली नाही. दाराला आतून कडी पाहिजे. आणि ठोठावल्याशिवाय आत जायचं नाही, इस्त्रीचे कपडे आणायला पण नाही.

टोरांटोत_ठाणेकर
यावर एक. कॅनडात १९७९-८० ला व्हिएतनाम-कंबोडिया-लाओसचे ६० हजार लोक घेतले, त्यातले निम्म्याहून जास्त सामान्य लोकांनी, चर्चच्या गटांनी पुरस्कृत केलेले. पुढेही ती पद्धत राहिली, २०२४ पर्यंत तरी पाच जण मिळून एका कुटुंबाची साधारण एक वर्षाची जबाबदारी घेऊ शकत होते. आमच्या गटाने एक सीरियन कुटुंब घेतलं होतं. पण घरात ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, छोटा फ्लॅट भाड्याने घेतला, गाद्या, कुकर, मुलांना बूट, बसचा पास, डॉक्टर, शाळा. एकाने सगळं ओढायचं नाही हा त्यातला मुद्दा. ताई, तुमच्या ओळखीच्या पाच घरांनी महिन्याला काही काढलं तर डोंबिवली-बदलापूरकडे वन आरके नाही का मिळणार?

सहार_रोड
अफगाण नाव, अकरा महिन्यांऐवजी चार महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, एकटी बाई. मुंबईत आपल्याच लोकांना आडनाव ऐकून फ्लॅट नाकारतात. तुम्ही बरीच वर्षं बाहेर आहात वाटतं :) शिवाय बदलापूरहून प्लास्टरवाल्या पोराला लोकलने आणणार?

पण पाच घरांचं पटलं. राहायला एकीकडे, दवाखान्याच्या फेऱ्या दुसऱ्याने, शनिवार-रविवार तिसऱ्याने. मी गाडी देतो गुरुवारची.

पावसाळी_पेंग्विन
मी मुलीला गणित शिकवेन. दिल्लीत चार-पाच वर्षं म्हणजे हिंदी येत असेलच, दुभाषा नको. आणि प्लीज कुणी पहिल्याच दिवशी 'कसे पळालात सांगा ना' करू नका, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो तर अजिबात नको.

डोंबिवली_फास्ट_नाही
कुणी स्वयंपाकघराचं बोलतच नाहीये. हलाल मटण शिजणार आहे का ताईंच्या ओट्यावर, श्रावणात पण? सासूबाई असतील तर विचारा आधी. वेगळी शेगडी द्या, इंडक्शन, स्वतःचं स्वतः करू दे. पिठाचा डबा भरून दिला तरी चालेल, पण रोज तुमच्या हातचं वरण-भात खाऊन 'छान' म्हणायला लावू नका, वरणात आपण गूळ घालतो, त्यांना ते खीर वाटेल.

खिडकीतली_तुळस
सगळं वाचलं, दोनदा. दादीचं वाचून ह्यांना पण मोठ्याने वाचून दाखवलं.

कागद मागवले. व्हिसा पुरतोय. सासूबाई नाहीत, श्रावण मीच पाळते, इंडक्शनचं बघते. खोलीतून सायकल गेली एकदाची (१५ वर्षांनी, एवढं तरी झालं). दाराला आतून कडी नव्हतीच, लेक दहावीत असताना आम्हीच काढली होती, रविवारी सुतार येतोय. बाईंशी फोनवर बोलले, तारीख सरळ सांगितली, चौथ्या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत, पुढचं लागलं तर आपण पाचही घरं मिळून बसू. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, बरं झालं तुम्ही सांगितलंत, नाहीतर रोज विचारायची हिंमत करावी लागली असती.

गिरणगाव दादा, परळचं तुमचं बोलणं टोचलंय. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

गिरणगाव_कायम
उत्तर नको. गुरुवारी सहार रोडवाल्यांची गाडी नसली तर फोन करा, माझा भाचा टॅक्सी चालवतो. मत बदललेलं नाही.

बीविंग_सेक्रेटरी
माझंही नाही. आणि एक शंका, प्रत्येक सोसायटीत गेटच्या रजिस्टरला 'कोणाकडे' आणि 'नातं' असे कॉलम असतात. वॉचमन काय लिहिणार?

खिडकीतली_तुळस
पाहुणे.

बीविंग_सेक्रेटरी
पाहुणे चार महिने नसतात ताई.

खिडकीतली_तुळस
माझी नणंद सहा महिने होती.