‘फेरेट’ : हुडकून काढणे की हुसकून काढणे?

प्रश्न : एका इंग्रजी रहस्यकथेचा अनुवाद करताना ‘फेरेट’ हा शब्द तीन ठिकाणी आडवा आला. एका पात्राचा चेहरा फेरेटसारखा आहे. दुसरीकडे नायिका सत्य ‘फेरेट आउट’ करते. आणि तिसरीकडे वकिलाची कागदपत्रे चक्क हिरव्या फेरेटने बांधलेली आहेत. कोशात ‘मुंगसासारखा एक प्राणी’ आणि ‘शोधून काढणे’ एवढेच सापडते. सरळ ‘मुंगूस’ लिहिले तर चालेल का?

उत्तर : ‘मुंगूस’ लिहू नये. एक तर इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्दच मराठी मुंगसावरून तिकडे गेलेला आहे. त्यामुळे मूळ लेखकाला मुंगूस अभिप्रेत असते, तर त्याच्याजवळ आपलाच शब्द तयार होता. दुसरे असे की हे दोन प्राणी दिसायला लांबट व चपळ असले तरी त्यांची घराणी वेगळी आहेत. मुंगूस मांजर, तरस, जवादी यांच्या बाजूचे. फेरेट मात्र युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने दोनएक हजार वर्षांपूर्वी माणसाळवलेला. आपल्याकडच्या प्राण्यांत त्याचे नाते शोधायचेच तर ते नदीकाठच्या पाणमांजराशी निघते. म्हणजे नावात मांजर असलेले पाणमांजर मांजराच्या बाजूचे नाही आणि नावात मांजर नसलेले मुंगूस त्या बाजूचे आहे, अशी ही गंमत आहे. शिवाय मराठी वाचकाच्या मनात मुंगूस शुभ आहे; ते दिसले की रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगण्याची पोरांची रीत अनेकांना आठवत असेल. फेरेटच्या नावाला हे पावित्र्य अजिबात नाही.

त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘भुरटा चोर’ असा आहे. लॅटिनमध्ये चोराला ‘फुर’ म्हणत. त्यापासून ‘फुरित्तुस’, म्हणजे छोटा चोर, आणि जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत उतरला. इंग्रजीतील ‘फर्टिव्ह’ हे विशेषणही त्याच ‘फुर’च्या कुळातले असून त्याला आपल्याकडे ‘चोरटा’ हा नेमका प्रतिशब्द आहे. (‘फुर’ आणि ‘भुरटा’ यांचे ध्वनिसाम्य मोहात पाडणारे असले तरी तेवढ्यावरून सोयरीक जुळवू नये.) तेव्हा फेरेटसारखा चेहरा म्हणजे निमुळत्या तोंडाचा, बारीक डोळ्यांचा, चोरट्या नजरेचा चेहरा. अनुवादात तसेच लिहावे, प्राण्याचे नाव गाळले तरी बिघडत नाही. प्राणी म्हणून उल्लेख असेल तेथे मात्र ‘फेरेट’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा. वैद्यकीय बातम्यांत तो वारंवार येतो, कारण माणसाच्या फ्लूची लागण फेरेटला होते. 1933 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी फ्लूचा विषाणू वेगळा केला तो याच प्राण्याच्या आधारे, आणि त्यांच्यातील विल्सन स्मिथ यांच्या तोंडावर एक आजारी फेरेट शिंकल्याने त्यांनाही तो फ्लू झाला. अशा ठिकाणी मुंगूस लिहिणे ही निव्वळ चूक ठरेल.

आता क्रियापद. खरा रस तेथेच आहे, आणि ते समजण्यासाठी सशांची शिकार डोळ्यांसमोर आणावी लागते. सशांच्या वसाहतीला जमिनीत अनेक तोंडे असतात. शिकारी त्यांतील प्रत्येकावर दोरी ओवलेली लहान जाळी अंथरतो, एका तोंडातून फेरेट आत सोडतो आणि गप्प बसून राहतो. थोड्या वेळाने जमिनीखाली धडधड ऐकू येते आणि भेदरलेला ससा भलत्याच तोंडातून उसळून जाळ्यात पडतो. ससा धरतो तो माणूस. फेरेटचे काम त्याला बाहेर पडायला भाग पाडण्याचे. उलट फेरेटने आतच ससा मारला तर तो सशाला खाऊन तेथेच झोपतो आणि मालकाला कुदळ हाती घ्यावी लागते. म्हणूनच त्याच्या तोंडाला मुसके बांधण्याची चाल पडली. दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील सशांच्या उपद्रवाचे वर्णन करताना ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोनेही अशा मुसके बांधलेल्या प्राण्यांचा उल्लेख केलेला आहे.

या चित्रावरून दिसते की ‘फेरेट आउट’चा मूळ अर्थ ‘हुसकून काढणे’ असा होता आणि आजचा रूढ अर्थ ‘हुडकून काढणे’ असा आहे. मराठीत हे दोन शब्द कानाला इतके जवळचे असावेत हा योगायोग सुखद आहे. दडून बसलेले शत्रू, फरारी, घुसखोर यांच्या बाबतीत पहिला शब्द शोभतो. माहिती, पुरावा, गुपित यांच्या बाबतीत दुसरा. ‘शोधून काढणे’ चुकीचे नाही, पण मिळमिळीत आहे, कारण त्यात लपवणाऱ्याचा विरोध येत नाही.

शंका : मग ‘उकरून काढणे’ का नको? बिळाचे चित्र तर त्यातच आहे.

उत्तर : चित्र आहे, पण चव वेगळी आहे. आपण जुनी भांडणे उकरून काढतो, कुणाची कुलंगडी उकरून काढतो. म्हणजे जे पुरलेले राहिले असते तर बरे झाले असते, ते. नायिकेविषयी लेखकाला आदर असेल तर ‘छडा लावणे’ घ्यावे. ती एखाद्या अबोल साक्षीदाराकडून गोष्ट काढून घेत असेल तर ‘खनपटीला बसून काढून घेतले’ हे सर्वांत जिवंत वाटते, कारण फेरेटची चिवट चिकाटी त्यात पुरेपूर उतरते. ती नुसतीच खणात हात घालून काही शोधत असेल, तर इंग्रजीत ‘आउट’ नसते, ‘अबाउट’ किंवा ‘अराउंड’ असते. तेथे ‘धुंडाळणे’ पुरे.

याच संदर्भात एक सावधगिरीची सूचना. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावण्यांतील युद्धकैदी, त्यांचे भुयार शोधत फिरणाऱ्या पहारेकऱ्यांना ‘फेरेट’ म्हणत. याचा ‘घुशी’ असा अनुवाद करण्याचा मोह होईल, पण घूस स्वतः पोखरते; त्या कथेत पोखरणारे कैदी आहेत आणि पहारेकरी बिळात शिरणारे आहेत. शब्द फिरवला की बाजू उलटतात.

राहिली वकिलाची कागदपत्रे. हा ‘फेरेट’ वेगळाच शब्द आहे. त्याचा प्राण्याशी काही संबंध नाही. इटालियन ‘फियोरेत्ती’, म्हणजे छोटी फुले, यावरून तो आला आणि रेशमी किंवा सुती अरुंद पट्टीसाठी वापरला गेला. अशा पट्टीने दस्तऐवज बांधत. आपल्याकडे त्यासाठी पोर्तुगीज ‘फिता’पासून आलेली ‘फीत’ आहेच, तेव्हा तेथे सरळ ‘हिरव्या फितीने बांधलेली कागदपत्रे’ असे लिहावे.