खासदार 60 दिवस गैरहजर राहिला तर जागा खरंच जाते का?

प्रश्न: मतदार_राजा

नमस्कार. राज्यघटनेच्या अनुच्छेद 101(4) प्रमाणे सभागृहाच्या परवानगीशिवाय 60 दिवस गैरहजर राहिलेल्या खासदाराची जागा रिक्त होते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. तरीही सभागृहाकडे क्वचितच फिरकणारे खासदार पाच वर्षं निर्धास्त काढतात. हे 60 दिवस मोजतात कसे, शनिवार-रविवार धरून की सोडून? आमदारांना हाच नियम आहे का? आणि आपल्या खासदाराचं काम तपासायचं तर नेमकं काय पाहायचं?

घटनावाचक

कलम शब्दशः वाचा, सगळी मेख तिथे आहे. सदस्य 60 दिवसांच्या काळात सभागृहाच्या *सर्व* बैठकांना गैरहजर असावा लागतो. म्हणजे एकोणसाठाव्या दिवशी येऊन एक सही केली, की मोजणी पुन्हा शून्यावर.

दिवस मोजताना सत्रसमाप्तीचा काळ (एक अधिवेशन संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंतचा) आणि लागोपाठ चार दिवसांपेक्षा जास्त तहकुबी वगळतात. शनिवार-रविवार वगळत नाहीत. खडूर साहिबचे खासदार अमृतपाल सिंग दिब्रुगडच्या तुरुंगात स्थानबद्ध होते, तेव्हाचा हिशेब पाहा: 24 जून ते 2 जुलै 2024 चे 9 दिवस, 22 जुलै ते 9 ऑगस्टचे 19, 25 नोव्हेंबर ते 20 डिसेंबरचे 26. एकूण 54. मधले सगळे शनिवार-रविवार यात आले, अधिवेशनांमधले महिने मात्र आले नाहीत. एवढ्या दिवसांची रजा त्यांना मंजूर झाली.

रजेसाठी लोकसभेत अध्यक्षांकडे अर्ज जातो, गैरहजेरीविषयीची समिती तो तपासते आणि तिच्या शिफारशीवर सभागृह संमती देतं. राज्यसभेत सभापती अर्ज थेट सभागृहापुढे ठेवतात.

आणि 60 दिवस भरले तरी जागा आपोआप जात नाही. सभागृह ती रिक्त जाहीर करू *शकेल*, एवढंच कलम म्हणतं. राज्यसभेत 2000 मध्ये बरजिंदर सिंग हमदर्द यांची जागा अशी गेली. 2014 मध्ये सचिन तेंडुलकर आणि रेखा यांच्या गैरहजेरीवर ओरड झाली, तेव्हा 60 दिवस भरलेले नाहीत असं उपसभापती कुरियन यांनी सांगितलं आणि विषय मिटला.

प्रेक्षक_गॅलरी

मी तर म्हणेन, हजेरीच्या टक्क्यांवर फार विसंबू नका. सही म्हणजे बसणं नव्हे. दैनिक भत्ता (सध्या 2,500 रुपये) सहीवर मिळतो. सकाळी सही करून दहा मिनिटांत बाहेर पडलेला सदस्य आणि रात्री आठपर्यंत विधेयकावर बसलेला सदस्य, दोघांचा दिवस सारखाच भरतो. मंत्री सही करत नाहीत, त्यामुळे त्यांचा रकाना रिकामा दिसला तर गैरहजर समजू नका.

संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याचं पान उघडा आणि प्रश्न पाहा. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न (ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो) सोडतीने लागतात, सूचना 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न लागला की मंत्र्याला समोरासमोर दोन उपप्रश्न विचारण्याची पहिली संधी त्या सदस्याची. नाव पुकारलं आणि बाक रिकामा असला, की ती संधी मतदारसंघाच्या हातून गेली. 30 नोव्हेंबर 2009 ला इतके प्रश्नकर्ते गैरहजर होते की लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तासच कोसळला. अशी गैरहजेरी मला सर्वात गंभीर वाटते, कारण ती टक्क्यांत दिसतच नाही.

शुक्रवारी दुपारची अशासकीय कामकाजाची, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांची आणि ठरावांची, चर्चाही वाचा. लोकसभेची गणपूर्ती, म्हणजे बैठक चालायला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे 55. कुणी हरकत घेतली की घंटा वाजते, लोक गोळा झाले नाहीत तर सभागृह तहकूब. खासगी विधेयकं अशीच अर्धवट राहतात.

विधानभवन_वाचक

आमदारांना अनुच्छेद 190(4), शब्द जवळपास तेच. गणपूर्ती 10 किंवा एक दशांश, यातली जी संख्या जास्त ती. म्हणून 288 च्या विधानसभेत 29, 78 च्या विधान परिषदेत 10, गोव्याच्या 40 च्या सभागृहातही 10.

ग्रामपंचायतीचा कायदा याहून कडक आहे. महाराष्ट्रात सदस्य परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना आला नाही, तर कलम 40 प्रमाणे त्याचं सदस्यत्व संपतं. तिथे "शकेल" नाही. गावच्या सदस्याला जे लागू आहे ते खासदार-आमदारांना का नसावं, हा प्रश्न मला खरंच छळतो.

मतदार_राजा

आभारी आहे. मग व्हिप निघाला की सगळे धावत कसे येतात?

घटनावाचक

कारण तिथे राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आहे. पक्षादेश मोडून मतदान केलं किंवा मतदानाला आलाच नाही, आणि पक्षाने 15 दिवसांत ते माफ केलं नाही, तर अपात्रतेची याचिका होऊ शकते. 60 दिवस लागत नाहीत, एक मतदान पुरतं.

मात्र आवाजी मतदानात कोण हजर होतं याची नोंद राहत नाही. मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाच्या मताची मोजणी, मागितली तरच नावं कार्यवृत्तात येतात. विधेयकाची तारीख घेऊन त्या दिवसाचं कार्यवृत्त उघडा आणि मतविभागणीच्या यादीत आपल्या खासदाराचं नाव शोधा.