बेसवरून टेनर गिटारवर: तारा फार जवळ वाटतात

प्रश्न:
बरीच वर्षं चार तारांचा बेस गिटार वाजवतोय. आता टेनर गिटार (चार तारांची छोटी गिटार) घेतलीय, सीजीडीए ट्यूनिंग, म्हणजे तारा सी, जी, डी, ए या सुरांत. डाव्या हाताचं जमतंय, पण उजव्या हाताची बोटं एका तारेवरून थेट तिसरीवर जातात! रुंद नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) बसवला तर फरक पडेल?

उत्तर १:
नटला हात लावू नका. जॅझ बेसचा (फेंडरचं बेस मॉडेल) नट साधारण ३८ मिमी, टेनरचा ३२ च्या आसपास, म्हणजे तिथे फरक थोडाच. खरी दरी ब्रिजवर, म्हणजे तारा खाली गिटारच्या अंगावर टेकतात तिथे आहे. बेसवर दोन तारांत १९ मिमी अंतर, टेनरवर जेमतेम १०-११. शिवाय टेनरची मानच अरुंद, मोठा नट बसणार कुठे? ब्रिजच्या जरा जवळ वाजवा, तिथे तारा एकमेकींपासून सर्वांत लांब असतात. आणि बेसवाला जोर सोडा, दहा गेजची (०.०१० इंच जाड) तार तो सोसत नाही.

उत्तर २:
पिक (तार छेडायची छोटी चकती) वापरा की! बोटांचाच हट्ट असेल तर सहा तारांच्या गिटारवर नवा नट कापून, ब्रिजवरचं अंतरही तसंच वाढवून चारच तारा लावा, हवी तेवढी जागा मिळेल. फक्त साडेपंचवीस इंची स्केलवर (नट ते ब्रिज तारेची लांबी) वरचा ए ताणू नका, तुटेल. डीजीबीई ठेवा, किंवा जीडीएई, मँडोलिनपेक्षा एक सप्तक खाली.

प्रश्नकर्ता:
पिक नको, त्यात मजा नाही. ब्रिजजवळ वाजवून पाहिलं, आवाज जरा टोकदार येतो पण बोटं चुकत नाहीत. जीडीएईला जाड तारा लागतील ना?

उत्तर २:
हो, सेटच वेगळा मिळतो. नटच्या खाचा मात्र रुंद कराव्या लागतील.