मदत हवी आहे: पोलोला दुसरा मीटर बसवल्यावर इंजिन लगेच बंद पडतं

गाडी २०१३ ची पोलो १.२ टीडीआय. मायलेज आणि रेंज दिसावी म्हणून भंगारात निघालेल्या त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनच्या पोलोचा मोठ्या डिस्प्लेचा मीटर पावतीसह घेतला. बॅटरीची निगेटिव्ह काढून बदलला. कनेक्टर सरळ बसतो. काटे, दिवे, फ्यूल गेज सगळं चालतं. पण इंजिन सुरू होऊन सेकंद-दोन सेकंदांत बंद, डिस्प्लेवर ‘सेफ’.

इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) मीटरच्या आतच असतो, त्यामुळे नुसतं कोडिंग (मीटरमधली गाडीनुसार सेटिंग) पुरत नाही हे माहीत आहे. तरी व्हीसीडीएसने (लॅपटॉपवरून गाडी तपासायचं आणि कोडिंग करायचं सॉफ्टवेअर) जुन्याचं कोडिंग नव्यात टाकून पाहिलं, फरक नाही. जुना मीटर परत लावला की गाडी व्यवस्थित चालते. दोन्ही चाव्या आणि आरसी हाताशी आहेत.

इमोबिलायझर बायपास अजिबात नको, चोरीला रान मोकळं होतं. किलोमीटरही जुन्या मीटरवरचे, खरे तेच हवेत.

जुन्या मीटरच्या ईप्रॉममधला (आतल्या मेमरी चिपमधला) डेटा वाचून नव्यात उतरवला तर चाव्या आणि ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) आपोआप जुळतात का, की चाव्या पुन्हा प्रोग्रॅम कराव्याच लागतात? आणि त्यासाठी दोन्ही मीटर एकाच बनावटीचे असावे लागतात का?