मदत हवी आहे: आसऱ्याच्या पुलावर चेन उडते, दुकानात मात्र उडत नाही

जुळे_सोलापूर:
नमस्कार. सायकल माझ्या मुलाची. तो पुण्याला शिकायला गेल्यापासून मी चालवते. पुढे तीन, मागे आठ गिअर. रोज घर ते सात रस्ता जाऊन-येऊन, आणि एखाद्या रविवारी लवकर उठले तर हिप्परगा तलावापर्यंत.

गेले काही दिवस पुलाचा चढ लागला आणि जरा जोर दिला की खट्ट होतं आणि पायडल एकदम मोकळं सुटतं. परवा गुडघा हँडलवर आपटला. मागचा रिक्षावाला ओरडला ते वेगळंच. दुकानात नेली. त्यांनी सायकल टांगली, हाताने पायडल फिरवत एकेक गिअर टाकून दाखवला. एकदाही उडाली नाही! "ताई, तुम्ही गिअर टाकताना जोर देताय," म्हणाले, तेल सोडलं आणि शंभर रुपये घेतले. घरी येताना पुलावर परत तेच.

काय असेल? पाने, पेचकस घरात आहेत. सांगाल ते करून बघेन, फक्त मराठीत सांगा, डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो तो भाग, त्याच्या पुढचे शब्द मला येत नाहीत.

केगावचा_वारा:
हँगर वाकलाय, म्हणजे मागचा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा. बदलून घ्या.

घंटी_नाही:
केबल सैल झाली असणार. मागच्या डिरेलरमध्ये केबल शिरते तिथे बोटाने फिरणारी एक गोल टोपी असते. ती अर्धा फेरा उघडायच्या दिशेने फिरवा. माझं काम त्यात झालं होतं.

कडक_भाकरी:
गिअरची सायकल घेतलीच कशाला हो ताई. आमच्या वडिलांची काळी सायकल, मागे दुधाचे दोन कॅन, अख्ख्या जन्मात चेन उडली नाही. आता बघावं तर सगळे लई हुशार आणि चेन उडायलीय.

चौदाचा_पाना:
तीन उत्तरं आली आणि तिन्हींत रोग वेगळा. काळ्या सायकलला मागे एकच चकती, तिचा इथे काय संबंध? ताईंना आधी विचारा तरी.

ताई, चेन उडते तेव्हा ती शेजारच्या चकतीवर जाते की त्याच चकतीच्या दात्यांवर चढून पुढे आपटते? शेजारी जात असेल तर वरच्या दोघांपैकी कुणीतरी बरोबर, केबल नाहीतर हँगर. दुसरं, मोजून दर तीनेक फेऱ्यांनी एकदा खट्ट होतं का? तसं असेल तर चेनची एखादी कडी आखडलेली असते. पायडल उलटं सावकाश फिरवा, डिरेलरच्या छोट्या चाकांवरून जाताना ती कडी उडी मारताना दिसते. आणि कुठल्या चकतीवर होतं? गेल्या महिन्यात सायकलीचं काय काय बदललं, तेही सगळं लिहा. तुम्हाला बिनमहत्त्वाचं वाटलं तरी लिहा.

केगावचा_वारा:
हँगर न बघता तुम्ही तरी कसं सांगणार?

चौदाचा_पाना:
बरोबर. ताई, सायकलच्या मागे उकिडव्या बसा. डिरेलरची दोन छोटी चाकं चकतीच्या सरळ खाली, एका रेषेत दिसली पाहिजेत. आत झुकलेली दिसली तर वारासाहेब जिंकले.

जुळे_सोलापूर:
बसले, बघितलं, फोटोही काढला. सरळ आहेत. शेजारी जात नाही, त्याच चकतीवर उडते. लहानाकडून तिसरी आणि चौथी, या दोनच. मोठ्या चकत्यांवर कितीही दाबा, काही होत नाही. फेऱ्यांचा हिशेब लागत नाही, कधीही होतं.

आणि हो, तीन आठवड्यांपूर्वी चेन तुटली म्हणून दुसऱ्या एका दुकानात नवीन टाकली. चेन नवी म्हणजे दोष तिचा नाही, असं धरून मी ते लिहिलंच नव्हतं.

चौदाचा_पाना:
सापडलं. हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, पण तुमचीही चूक नाही. नवीन टाकलेली वस्तू कुणी आरोपीत धरत नाही. आणि चेनचा दोष नाहीच. ती नवी आहे, चकत्या जुन्या आहेत.

चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. चालून चालून पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो. पत्रा काही ताणला जात नाही, पण शंभरावर सांध्यांतली झीज मिळून चेन लांब होते. लांबलेली चेन चकतीचे दाते आपल्या मापाने घासते. दोघं मिळून झिजतात म्हणून काही जाणवत नाही. मग तुम्ही अर्ध्या इंचाची नवी चेन आणून त्या घासलेल्या दात्यांवर बसवता. जोर पडला की ती दात्यावर चढते आणि सुटते. तुम्ही सगळ्यात जास्त त्या दोन चकत्या वापरता म्हणून त्याच उडतात. हाताने फिरवताना चेनवर ओढच नसते, त्यामुळे टांगलेल्या सायकलवर हे कधीच दिसत नाही. त्या दुकानातल्या पोराला सायकलवर बसवून पुलावर पाठवायला हवं होतं.

जुनी चेन टाकून दिलीत का?

जुळे_सोलापूर:
नाही, गॅलरीत डब्यात आहे. आमच्याकडे काही टाकून देत नाहीत.

चौदाचा_पाना:
मग खिळ्याला टांगा आणि मुलाच्या कंपासपेटीतली नको, एक फुटी स्टीलची पट्टी घ्या. शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा, ती पिन सोडून पुढच्या मोजा. नव्या चेनमध्ये चोविसाव्या पिनेचा मध्य बरोबर 12 इंचांवर येतो. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेला तर चेन बदलायची वेळ झाली, एक सूत गेला तर मागच्या चकत्याही गेल्या समजा.

जुळे_सोलापूर:
मोजलं. बाराच्या पुढे एक सूत आणि वर थोडंसं. सायकलवरच्या नवीन चेनलाही पट्टी लावली, ती बरोबर बारा. तिसऱ्या चकतीचा एक फोटो टाकते. दाते एका बाजूला कलले आहेत, समुद्राच्या लाटेसारखे. सगळ्यात मोठीचे दाते मात्र सरळ आहेत.

घंटी_नाही:
बापरे. केबलचं मागे घेतो. ताई, टोपी फिरवली असेल तर परत जागेवर आणा.

जुळे_सोलापूर:
फिरवली होती. आणली. त्या दोन दिवसांत गिअर जास्तच करकरत होते ते यामुळेच होय!

चौदाचा_पाना:
आता चकत्या मागवण्याआधी एक बघा, कॅसेट आहे की फ्रीव्हील, म्हणजे चकत्यांचा गठ्ठा चाकाच्या खाचांवर सरकवून बसवलाय की आट्यांवर फिरवून आवळलाय. चाक काढा, चकत्या उलट्या फिरवा. मधोमध पान्यासाठी खाचा असतात. त्या चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. दोन्हींचा पाना वेगळा. चुकीचं आणलं तर बसणारच नाही.

आणि नवीन बसवल्यावर तेल कमी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओल्या चेनवर धूळ बसली की तिचा पॉलिश पेपर होतो. सांध्यांत एकेक थेंब सोडा, दहा मिनिटांनी वरचं सगळं फडक्याने पुसून काढा.

कडक_भाकरी:
ताई, मघाशी उगाच बोललो, मनावर घेऊ नका. कॅसेट असेल तर चकत्या धरून ठेवायला चेनव्हिप लागते. विकत घेऊ नका. जुन्या चेनचा हातभर तुकडा लोखंडी पट्टीला दोन बोल्टने आवळा, झाली व्हिप. मी केलीय. लॉकरिंगचा, म्हणजे कॅसेट आवळून धरणाऱ्या कडीचा, पाना माझ्याकडे आहे, सात रस्त्याजवळच असतो, निरोप टाका.

जुळे_सोलापूर:
उशिरा लिहितेय, क्षमस्व. कॅसेट निघाली. कडक_भाकरींचा पाना आणला, पण लॉकरिंग माझ्याने हलेना, म्हणून चाक आणि नवी कॅसेट घेऊन ती बसवायला त्याच दुकानात गेले. जुनी चेन आणि पट्टी सोबत. पोराने आधी ऐकून घेतलं नाही. मग चोविसावी पिन दाखवली. त्याने स्वतः दोनदा मोजलं आणि समोर दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या एका सायकलीची चेन मोजायला घेतली. तीही एक सूत निघाली.

आज पुलावर मुद्दाम तिसऱ्या चकतीवर उभी राहून पायडल मारलं. आवाजसुद्धा नाही. पट्टी त्यानेच ठेवून घेतली, नवी आणावी लागेल.