मदत हवी आहे : अँप्लिफायरच्या वायरीला बॅटरीजवळ फ्यूज लागतोच का?

नमस्कार. आमच्या नऊ वर्षांच्या हॅचबॅक गाडीत मागच्या महिन्यात चार चॅनेलचा अँप्लिफायर बसवून घेतला. प्रत्येक चॅनेलला ७५ वॅट आरएमएस (सतत मिळणारी शक्ती), म्हणजे एकूण ३०० वॅट. खोक्यावर छापलेले १२०० वॅट मी हिशेबात धरत नाही. आवाजाबद्दल काहीही तक्रार नाही. परवा वायपरचे पाणी भरण्यासाठी बॉनेट उघडले, तेव्हा लाल वायर बॅटरीच्या धन टोकाला थेट आवळलेली दिसली. मध्ये कुठेही फ्यूज नाही. ही वायर इंजिनमागच्या पत्र्याला भोक पाडून, रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवरची रबरी कडी) न घालताच, आत ओढली आहे. भोकाच्या धारेवर तिचे इन्सुलेशन चपटे झाले असून त्यावर नखाला जाणवेल एवढा चरा पडला आहे.

बसवणाऱ्यांचे म्हणणे असे, की अँप्लिफायरवरच २० अँपियरचे दोन फ्यूज असताना आणखी एकाची गरज नाही. मला मात्र वाटते, की ते फ्यूज अँप्लिफायरपुरतेच आहेत. इन्सुलेशन कापले जाऊन वायर पत्र्याला टेकली, तर करंट त्या फ्यूजपर्यंत पोहोचणारच नाही आणि बॅटरीपासून पत्र्यापर्यंतची वायर तापून पेटेल. माझी समजूत बरोबर आहे का? दुसरे असे, की वायर ८ गेजची आणि सुमारे पाच मीटर लांब आहे, पण टोक खरवडल्यावर तांब्याखाली चंदेरी धातू दिसतो. ती बदलावी का? काळी वायर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली अडकवली आहे, तेही रंग न खरवडता. ते चालते का? तूर्त लाल वायर बॅटरीवरून सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळून ठेवली आहे.

प्रतिसाद :

आपली समजूत अगदी बरोबर आहे आणि वायर सोडवून ठेवलीत हे उत्तम केलेत. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. डिकीत बसवला तर मधली सगळी वायर संरक्षणाविनाच राहते. वायर अवश्य बदला. आतला चंदेरी धातू म्हणजे ॲल्युमिनियम. एबी वर्गाच्या (अँप्लिफायरच्या रचनेचा एक प्रकार) अँप्लिफायरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर ३०० वॅटसाठी ५०० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ३६ अँपियर लागतात. तेवढ्या करंटला पाच मीटर शुद्ध तांब्याच्या ८ गेज वायरीत साधारण ०.३७ व्होल्ट गळतात, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियममध्ये सुमारे ०.६. शुद्ध तांब्याची ८ गेज आणि ४० अँपियरचा फ्यूज पुरेल. पुढे सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) जोडायचा विचार असेल, तर आताच ४ गेज ओढून घ्या; गेजचा आकडा लहान, तितकी वायर जाड.

सीटबेल्टच्या बोल्टखाली मात्र काळी वायर ठेवू नका. अपघातात माणसाचा भार तोच पेलतो. अर्थसाठी (काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्यासाठी) डिकीत वेगळी जागा निवडून, पत्र्याखाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाहीत हे आधी वाकून पाहून, रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आवळा. ही वायर लाल वायरीइतकीच जाड आणि अर्ध्या मीटरहून आखूड ठेवा. आरसीए केबल (स्टीरिओपासून अँप्लिफायरपर्यंत आवाजाचा सिग्नल नेणारी) गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर रेसबरोबर चढणारी शीळ स्पीकरमध्ये ऐकू येऊ शकते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवा, आणि होल्डरमध्ये फ्यूज सर्वांत शेवटी घाला.