जुन्या अमेरिकन क्विल्टमध्ये धावदोराच नसेल, तर कारागिरी कुठे पाहायची?

नौपाड्यातली सुई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ पेनसिल्व्हेनियात राहतो. त्याच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी घर सोडताना आपल्या आजीने हाताने शिवलेला क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, त्याला दिला आणि गेल्या महिन्यात तो आमच्या ठाण्याच्या घरी आला. वीतभराहून थोडे मोठे असे त्याचे चौकोन आहेत. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी लाल तुकडा आहे आणि त्याभोवती बोटभर रुंदीच्या सुती पट्ट्या अशा लावल्या आहेत की लगतच्या दोन बाजू फिकट आणि उरलेल्या दोन गडद दिसतात. तपकिरी पट्ट्या मात्र जागोजागी विरल्या आहेत आणि त्यांतून खालचे साधे पांढरे कापड डोकावते.

गोधडी शिवायला मी आईकडे शिकले, त्यामुळे हाती येताच मी तो उलटा करून पाहिला. अस्तरावर धावदोऱ्याची एकही ओळ नाही, फक्त ठरावीक अंतरावर दोऱ्याच्या गाठी मारलेल्या आहेत. आमच्याकडे असे काम कुणी केले असते तर आईने ते उसवायला लावले असते. हे काम घाईने उरकलेले आहे का? नसेल, तर जुन्या अमेरिकन क्विल्टची एवढी वाखाणणी होते ती नेमकी कशासाठी?

पारसिकच्या पायथ्याशी

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या विरलेल्या पट्ट्यांमधूनच दिसते आहे. या नमुन्याला 'लॉग केबिन', म्हणजे ओंडक्यांचे घर, असे म्हणतात. १८६०च्या दशकानंतर तो अमेरिकेत घरोघरी पसरला. मधला लाल तुकडा म्हणजे घरातली चूल, असे तिकडे सांगतात. तो बहुधा एका साध्या कापडाच्या पायावर शिवला जाई. आधी मधला तुकडा बसवायचा, त्यावर पट्टी पालथी ठेवून पायासकट टाके घालायचे, मग पट्टी उलटून सपाट करायची आणि तिच्या शेजारी पुढची घ्यायची. तुम्हाला दिसणारे पांढरे कापड म्हणजे हाच पाया. प्रत्येक पट्टीखाली शिवणीची दुमड आणि त्याखाली पायाचे कापड, एवढ्या थरांतून बारीक धावदोरा नेणे अवघड आणि अनावश्यकही होते, कारण पट्ट्या पायाशी आधीच पक्क्या झालेल्या असत. अस्तर धरून ठेवायला गाठी पुरेशा होत. असे कितीतरी जुने लॉग केबिन गाठींचेच आहेत, तेव्हा घाईचा आरोप त्या आजींवर ठेवू नका.

या क्विल्टमधली कला टाक्यापेक्षा मांडणीत आहे. प्रत्येक चौकोन कर्णावर अर्धा उजेडाचा, अर्धा सावलीचा असतो, आणि सगळे चौकोन शिवून झाल्यावर कोणता कोणत्या दिशेला फिरवून जोडायचा यावर अख्खे चित्र ठरते. एका मांडणीत तिरके पट्टे उमटतात आणि तिला नांगराच्या सरळ तासाचे नाव आहे. दुसरीत मधून बाहेर पसरत जाणारे हिऱ्याचे आकार दिसतात. तुमचा क्विल्ट मोठ्या चादरीवर आडवा पसरा आणि दहा पावले मागे जाऊन पाहा.

तपकिरी रंगाचे कारण रंगाईत आहे. तो रंग पक्का करण्यासाठी लोहाचे क्षार वापरत आणि कालांतराने तेच क्षार सूत कुरतडतात. म्हणून तो धुऊ नका, आणि गोधडीसारखा उन्हातही टाकू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा आणि घडीच्या जागा अधूनमधून बदला.

खाडीकाठ, वाशी

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण हाताच्या टाक्याचा मानही राखला पाहिजे. इतर प्रकारांत, विशेषतः पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या बायकांनी केलेल्या क्विल्टमध्ये, मोठमोठे एकरंगी लोकरी तुकडे असतात आणि त्या मोकळ्या जागेवर पिसांच्या व वेलींच्या आकृत्या केवळ धावदोऱ्याने काढलेल्या असतात. समोरून उजेड पडला तर त्या जवळजवळ दिसत नाहीत, पण कडेने तिरपा उजेड येऊ द्या, म्हणजे कापडावर डोंगरदऱ्या उभ्या राहतात.

आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. क्विल्ट म्हणजे गरिबीतली काटकसर, असे सरसकट मानले जाते. १८४० ते १८५०च्या दशकांतले बाल्टिमोरचे अल्बम क्विल्ट, म्हणजे दर चौकोनात वेगळे चित्र असलेले क्विल्ट, मुख्यतः नव्या, विकत घेतलेल्या कापडातून, फुलांच्या परड्या कातरून घडवले गेले. त्याआधीच्या काही क्विल्टांवर तर आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेल्या छिटाची फुले कापून जडवलेली आढळतात.

हॅरिएट पॉवर्स यांचे काम मला सर्वांत वरचे वाटते. त्या १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मल्या. बायबलमधल्या कथांची अकरा चित्रे त्यांनी कापडाच्या आकृत्या जोडून एका क्विल्टवर उभी केली. १८८६ मध्ये तो एका मेळ्यात मांडला, तेव्हा त्यांनी विकायला नकार दिला. पुढे अडचणीच्या दिवसांत मात्र तो पाच डॉलरला द्यावा लागला, आणि त्यानंतर आपले काम डोळ्यांनी पाहायला त्या विकत घेणाऱ्या बाईंकडे जात असत. तो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेत आहे. हे वाचले की मला दर वेळी गलबलून येते.

ऐरोलीकर

माझी आजी वाकळ शिवायची, म्हणून चार शब्द लिहितो. आपल्या गोधडीत धावदोरा काठापासून आत आत फेर घेत जातो. तोच तुकडे जोडतो आणि तोच थरही बांधतो. जुन्या लुगड्याची मऊ घडी आत जाते आणि सगळे काम एकाच अखंड पसाऱ्यावर होते, त्यामुळे टाक्याला आपल्याकडे एवढे महत्त्व आहे. लॉग केबिन मात्र मांडीवर मावेल अशा चौकोनांत होतो आणि चित्र शेवटी जुळते. तेव्हा ताई, आईच्या मापाने तो क्विल्ट मोजू नका. मोजायचाच असेल, तर पट्ट्या कशा निवडल्या आहेत ते एकेक करून पाहा.

नौपाड्यातली सुई

सर्वांचे मनापासून आभार. काल दिवाणखान्यातले टेबल हलवून क्विल्ट जुन्या चादरीवर पसरला आणि स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला. तिरके पट्टे स्वच्छ उमटले. महिनाभर तो माझ्या हातात होता आणि नांगराचे तास मला दिसले नव्हते, कारण मी टाके शोधत होते.

मग ऐरोलीकरांनी सांगितल्याप्रमाणे भिंग घेऊन एकेक पट्टी पाहत गेले. एका कोपऱ्यातल्या चौकोनात निळ्या छापाची पट्टी दोन तुकड्यांची आहे, म्हणजे कापड पुरले नसावे. जोड मात्र इतका नेमका घेतला आहे की छापातल्या फुलाची अर्धी पाकळी अलीकडच्या तुकड्यावर आणि अर्धी पलीकडच्या तुकड्यावर आहे, आणि दोन्ही मिळून ती पूर्ण होते. तो जोड मी आईला दाखवला. तिने चष्मा पुसून तो दोनदा पाहिला आणि क्विल्ट गुंडाळायला स्वतःचे धुतलेले नऊवारी काढून दिले.